उसनी खुर्ची

आमच्या कोल्यापाता वाडीत हात टेकता येतील अशी खुर्ची एकच आहे आणि ती माझी आहे. खालच्या खाणीवरच्या साहेबाचा बंगला मोडला तेव्हा माझ्या नवऱ्यानं ती पाठीला बांधून दोन डोंगर चढवून आणली. तो गेला, खुर्ची राहिली. बारा वर्षं ती एकाच जागी होती, चुलीच्या उजव्या हाताला. मातीच्या भुईत तिच्या चार पायांचे चार खळगे पडले होते. लग्न असो, मयत असो, पाद्री येवो, खुर्ची माझ्याकडून जाते आणि त्याच खळग्यांत परत येऊन बसते. देताना मी थोडा भाव खाते, ते कबूल करते.

जूनमधल्या एका मंगळवारी तेओदोसिया दारात येऊन उभी राहिली. ओढ्यापलीकडची ही माझी शेजारीण. तिचा नवरा इसिद्रो जंगलातल्या सोन्याच्या खाणीवर गेला त्याला चौदा महिने झाले होते. ना निरोप, ना माणूस. घरात ती आणि अकरा वर्षांची नेलिदा.

"इलारियामावशी, खुर्ची पायजे," ती म्हणाली. "उद्या बालघरातनं बाई येतीया, घर बघायला."

"म्हातारा लिओन्सियो न्हाई येत?"

"त्याचे गुडघे गेले. आता शहरातली कोण नवी सेन्योरिता हाय. मिलाग्रोस म्हणं."

बालघर म्हणजे खालच्या गावातलं दोन्या एर्नेस्तिनाबाईचं. जन्मभर मास्तरकी केली आणि म्हातारपणी स्वस्थ बसवेना, म्हणून तिनं वरच्या वाड्यांवरच्या गरिबांच्या पोरांसाठी ते उघडलं. सोमवारी पहाटे पोरं उतरतात, शुक्रवारी वर येतात. शाळा, जेवण, बिछाना, दात दुखला तर दातवाला, सगळं फुकट. पण खाटा चोवीसच. म्हणून दर जूनला कुणीतरी घरोघर फिरतं आणि जुलैच्या सुट्टीनंतर कोण राहणार, कोण नवं येणार, याची यादी होते.

नेलिदा तिथं तीन वर्षं होती. गेली तेव्हा छाती घरघरायची आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता ती गावातल्या म्हाताऱ्यांना औषधाच्या बाटल्या वाचून दाखवायची. खाट गेली असती तर पुढं काय, तेही ठरलेलंच होतं. तिचा मामा तिला शहरात कुणाच्या तरी घरी भांडी घासायला न्यायला टपून बसला होता. त्या वाटेनं गेलेल्या दोन पोरी आमच्या गावाला अजून परत दिसलेल्या नाहीत.

आणि नवं येणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझ्या नातीचं होतं, मारिबेलचं. हे आताच सांगून ठेवते, मागाहून लपवल्यासारखं नको.

मी खुर्ची दिली. जुस्तिनानं वाघाच्या चित्राची दोन ब्लँकेटं दिली. पास्कुआलनं भिंतीवरचा रेडिओ उतरवून दिला. देवळाच्या सेनोबियोकाकानं फुलाफुलांच्या सहा बश्या दिल्या आणि फुटली तर नवी आणायची असं सातदा बजावलं. यात काही चुकतंय असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाहुणा येणार, मग त्याला भुईवर बसवायचं? आमच्याकडं अशा वेळी सगळी वाडी मिळून एका घराची अब्रू झाकते. माझ्या लग्नात तर माझ्या अंगावर माझं असं काहीच नव्हतं.

बुधवारी सेन्योरिता मिलाग्रोस आली तेव्हा धाप लागून तिचे ओठ निळे पडले होते. पोरगी पंचविशीची, गोरी, पायात लाल बूट. तेओदोसियानं तिला खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर वाघ घातला, रेडिओ लावला. चुलीपाशी पाळलेल्या दोन्ही कुया मारून भाजल्या होत्या. ससा आणि उंदीर यांच्या मधलं हे जनावर, गुबगुबीत. त्या दोघी व्यायच्या होत्या, हे मला माहीत होतं.

पोरीनं आवडीनं खाल्लं. मग मांडीवर कागद घेतला.

"नवरा काही पाठवतो का?"

"येतं की काहीबाही," तेओदोसिया म्हणाली. बाहेरच्या बाईपुढं नवऱ्याची लाज कोण काढील?

"मग एकूण तुमचं बरं चाललंय?"

"देवाच्या दयेनं बरं चाललंय, सेन्योरिता."

दुसरं काय म्हणणार? लिओन्सियो असता तर हा प्रश्न त्यानं विचारलाच नसता. तो उंबऱ्यावर बसून कोकाची पानं चघळायचा, एकदा छपराच्या गवताकडं बघायचा आणि निघून जायचा. ही पोरगी मात्र खाली मान घालून लिहीत होती. मी मदतीला आले होते, बश्या आवरत होते. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "खुर्ची छान आहे, नाही?" मी म्हणाले, "छान हाय." खुर्चीचं कौतुक झालं म्हणून मी फुलून गेले होते. म्हातारी झाले तरी अक्कल नाही.

शुक्रवारी दुपारी तेओदोसिया आणि मी पठारावर बटाटे पसरत होतो. आकाश निवळलं होतं, वारा पडला होता, म्हणजे रात्री कडक गोठणार. बारके बटाटे उघड्यावर पसरून तीन रात्री गोठवायचे, चौथ्या दिवशी सकाळी उन्हानं मऊ पडले की अनवाणी तुडवून पाणी काढायचं आणि वाळवायचे. त्याला आम्ही चुन्यो म्हणतो. तो वर्षभर टिकतो. तेओदोसियाच्या घरी दुसरं धान्य नव्हतंच. तुडवायची सकाळ चुकली की बटाटा आंबतो आणि काळा पडतो.

नेलिदा वाटेनं वर आली. तिच्या हातात बंद पाकीट होतं.

"आई, तुला चिठ्ठी हाय."

"वाच की. शिकलीस कशाला?"

पोरीनं ते उघडलं आणि उभ्यानं वाचलं. घराची परिस्थिती समाधानकारक आढळली. हात असलेली खुर्ची, रेडिओ, नवी ब्लँकेटं दोन, बश्या सहा, जेवणात मांस, नवऱ्याकडून मदत चालू. सबब जुलैनंतर ही जागा अधिक गरजू मुलाला देण्यात येईल.

तिला सगळे शब्द येत होते, ती कुठं अडली नाही. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "आई, आपल्याकडं रेडिओ कुठाय?"

तेओदोसियानं टोपली खाली ठेवली. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. कानशिलं मात्र लाल झाली होती. तिनं चिठ्ठी घेतली, उलटी धरून बघितली आणि पोलक्यात खुपसली.

"बटाटं पसरून घ्या आधी," ती म्हणाली. "सूर्य थांबत न्हाई."

शनिवारी मी माझी खुर्ची आणायला गेले. तेओदोसिया दारातच आडवी उभी राहिली.

"आज न्हाई मावशी. सोमवारी दीन."

"का? पाद्री येतोय?"

"तिला आणतीया. तिच्या डोळ्यांदेखत ज्येचं त्येला पोचवणार. मी सांगून तिला पटायचं न्हाई. तिनं बघाय पायजे."

"आणि ती आली न्हाई तर?"

"ईल."

"सोमवारी तुझं बटाटं तुडवायचं हाईत."

"ते तू तुडव," ती म्हणाली. "सावड हाय तुझ्यावर. गेल्या पेरणीला मी दोन दिस तुझ्या वावरात वाकले."

होती खरी. सावडीला आमच्याकडं नाही म्हणता येत नाही. पण तिनं नेमकं मलाच सांगावं? मारिबेलचं नाव यादीत पहिलं आहे हे तिला ठाऊक होतं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिथं ना टोमणा होता, ना विनवणी. जिच्यावर सावड होती तिला तिनं बोलावलं, एवढंच.

रविवारी मी घर सारवलं. सान हुआनचा सण चार दिवसांवर आला होता, सारवायला हवंच होतं. चुलीजवळ आले तेव्हा ते चार खळगे दिसले, रिकामे. मी ओंजळभर माती घेतली, ओली केली आणि खळगे भरले. वरून हात फिरवून सपाट केलं. सणासाठी, असं मी स्वतःला बजावलं. मारिबेल बघत होती. सात वर्षांची पोर ती. चिठ्ठीची बातमी कळल्यापासून रोज ओढ्यावर जाऊन गार पाण्यानं तोंड धूत होती, बालघरात स्वच्छ लागतं म्हणून.

"आजी, खुर्ची परत आली की कुठं ठेवायची?"

"बघू," मी म्हणाले.

सोमवारी अंधारातच तेओदोसिया नेलिदाला घेऊन उतरली. मी उजाडता पठारावर गेले. बटाटे दगडासारखे झाले होते. ऊन आलं, गवतावरचं पांढरं गेलं आणि बटाटे पायाखाली दबायला लागले. मी टायरच्या चपला काढून तुडवायला सुरुवात केली. पहिल्या ढिगातच टाचा बधिर झाल्या. साल सुटते, पाणी बोटांमधून वर येतं, ते पाणी बर्फापेक्षा गार असतं. दोघींचं काम मी एकटी करत होते. मध्येच डाव्या टाचेची भेग फाटली आणि बटाट्यांवर रक्त आलं. मी ते हातानं पुसलं आणि पुन्हा उभी राहिले. मनात एकच चाललं होतं. अर्धे सोडून घरी गेले तर कोण विचारणार आहे? खुर्चीचं काही बोललेच नाही तर कोण विचारणार आहे? पाय मात्र थांबले नाहीत. सावडीचं काम अर्धं टाकायची त्यांना सवय नव्हती. दुपार कलली तेव्हा सगळं पठार तुडवून झालं होतं.

खाली काय झालं ते नेलिदानं मागाहून सांगितलं. सेन्योरिता म्हणाली, "बाई, नाव गेल्यावर सगळेच म्हणतात, उसनं आणलं होतं." तेओदोसिया म्हणाली, "म्हणून सांगाय न्हाई आले. तुम्हाला घिऊन जायला आले." सेन्योरिता म्हणाली, यादी वरच्या कचेरीत गेलीय, आता काही होत नाही. तेव्हा तेओदोसिया बालघराच्या पायरीवर बसली आणि सूत कातायला लागली. ना ओरडली, ना हात जोडले. पोरं तिच्या बाजूनं वर्गात गेली, वर्गातून जेवायला गेली, चाती फिरतच होती. शेवटी दोन्या एर्नेस्तिना काठी टेकत बाहेर आली. दोघींकडं बघितलं आणि मिलाग्रोसला म्हणाली, "माझे पाय चालते असते तर मीच गेले असते. तू जा."

मी घरी येऊन पाय चुलीकडं करते न करते तोच वरात आली. पुढं तेओदोसिया, पाठीवर माझी खुर्ची बांधलेली, काखेत रेडिओ. मागं नेलिदा, डोक्यावर ब्लँकेटं, हातात बश्या. तिच्यामागं लाल बूट. आणि त्यांच्यामागं गाव, कारण आमच्या गावाला दुसरं काम काय?

आधी सगळे पास्कुआलकडं गेले, मीही मागून. त्याच्या भिंतीवर चुलीची काजळी होती आणि मधोमध रेडिओएवढा चौकोन स्वच्छ होता. तेओदोसियानं रेडिओ खिळ्याला लावला, चौकोन झाकला गेला.

"पाच दिवस बातम्या न्हाईत," पास्कुआल म्हणाला. "सरकार हाय का पडलं तेबी कळंना."

जुस्तिनाच्या ब्लँकेटाला कोपऱ्यात ठिगळ होतं, तिच्या पांघरलेल्या शालीच्याच कापडाचं. सेनोबियोकाकानं सहा बश्या दोनदा मोजल्या, एकीवरचा टवका दाखवला. तेओदोसिया म्हणाली, "तो तुमच्या लग्नातला हाय काका." लोक हसले. सेन्योरिता हसली नाही. तिच्या हातातला कागद घामानं ओला झाला होता आणि दर घरी ती एक ओळ खोडत होती.

मग माझं दार. मारिबेल उंबऱ्याशी उभी होती, केसांना पाणी लावून.

तेओदोसिया वाकून आत आली. पाठीवरची गाठ सोडली, खुर्ची उतरवली, चुलीच्या उजव्या हाताला नेली आणि थांबली. भुई सपाट होती. तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. खुर्ची तशीच सपाट भुईवर ठेवली. ती डुगडुगली.

"ही इथे असायची?" सेन्योरितानं विचारलं. "बाकीच्यांच्या घरी खूण होती. इथे काहीच दिसत नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "त्या दिवशी तुम्हीच होतात ना? तुम्ही म्हणालात, छान आहे. तुमची आहे असं म्हणाला नाहीत."

सगळं गाव दारात होतं, पण मला फक्त मारिबेल दिसत होती. तिच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं. मी गप्प बसले असते तर? खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. लाज वाटते सांगायला, पण मी बसले गप्प. एक श्वास, दोन श्वास. माझी टाच ठणकत होती. आता कुठं त्या बटाट्यांचं पाणी सुकत होतं.

मी गुडघ्यांवर बसले. खुर्ची बाजूला सारली आणि बोटांनी भुई उकरायला लागले. कालची माती अजून आत ओली होती. पहिला खळगा निघाला, मग दुसरा. तिसऱ्यात नख मोडलं. चौथा तेओदोसियानं उकरला, माझ्याशेजारी बसून. मी खुर्ची उचलून खळग्यांत बसवली. ती हलली नाही.

"माझी हाय," मी म्हणाले. "बारा वर्सं हितंच हाय. खळगं मी बुजिवलं. का बुजिवलं ते इचारू नका, तुमच्या नव्या पोरांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं हाय ते बघा."

सेन्योरितानं कागद बघितला, मग मारिबेलकडं बघितलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं शेवटची ओळ खोडली. आता कागदावर मांस आणि नवरा, एवढंच उरलं होतं.

"आणि कुया?" तिनं हळूच विचारलं.

"त्या माझ्याच व्हत्या," तेओदोसिया म्हणाली. "दोनच व्हत्या. त्या तुम्ही खाल्ल्या."

कुणी हसलं नाही. पोरीनं ती ओळ खोडली आणि नवऱ्याच्या ओळीवर पेन्सिल ठेवली; तेओदोसियानं नकारार्थी मान हलवली, तशी तिनं तीही खोडली. मग म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी असं काही मांडू नका. घर आहे तसं असू द्या."

"मांडणार," तेओदोसिया म्हणाली. आवाज चढवला नाही. "पुढल्या साली आलात तरी खुर्ची आणून ठिवणार. पाव्हणं भुईवर बसवायची चाल न्हाई आमच्यात, आणि तुमच्या कागदापायी मी ती मोडायची न्हाई. तुम्ही लिवायच्या आधी इचारा, कुणाची. इचारल्यावर आम्ही खोटं सांगत न्हाई."

शेवटचं वाक्य म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तेवढे तिचे उपकार.

शुक्रवारी नेलिदानं दुसरी चिठ्ठी आणली आणि पठारावरच वाचली. तिची खाट कायम राहिली होती. तेओदोसियानं ऐकलं, मान हलवली आणि वाळत घातलेला चुन्यो उलटायला वाकली. संध्याकाळी एक पिशवी माझ्या दारात ठेवून गेली.

"तुझ्या टाचंचं रगत हाय यात," ती म्हणाली. "तूच खा."

मारिबेलला त्या वर्षी खाट मिळाली नाही. वर्षभर ती रोज संध्याकाळी वाडीवरच्या शाळेतून थेट मेंढरांमागं जायची, आणि शनिवारी-रविवारी नेलिदा तिला माझ्या चुलीपाशी बसवून काटकीनं राखेत अक्षरं काढून शिकवायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर कुणी, ते मला माहीत आहे.

पुढल्या जूनमध्ये बालघरातल्या दोन मोठ्या पोरी शिकून बाहेर पडल्या आणि निरोप आला, सेन्योरिता मिलाग्रोस उद्या इलारियाच्या घरी येणार. दिवस मावळायच्या आत तेओदोसिया ओढा ओलांडून आली. खांद्यावर मेंढीची कातडी होती, पांढरी, जाड, तिच्या अंथरुणातली. आता ती उघड्या भुईवर निजणार होती, बाहेर सगळं गोठत असताना.

"खुर्ची हाय तुझ्याकडं," ती म्हणाली, "पण बूड लई गार पडतं तिचं."

मी घेतली. नको म्हटलं असतं तर तिचा अपमान झाला असता. जुस्तिनाचे वाघही आले, रेडिओही आला.

दुसऱ्या दिवशी लाल बूट वाकून आत आले. मारिबेल भिंतीला पाठ लावून ताठ उभी होती. सेन्योरितानं खुर्चीकडं बघितलं, कातडीकडं बघितलं, वाघांकडं बघितलं. बसली नाही. आधी पेन्सिल काढली.

"इलारियाबाई," ती म्हणाली, "यातलं कुणाचं काय?"

"कातडी तेओदोसियाची," मी म्हणाले. "वाघ जुस्तिनाचे. रेडिओ पास्कुआलचा. खुर्ची माझी. आता बसा आणि लिवा."